एक रात्र शेतात काढायची तर

डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजाच्या शिवारात कुणी पहिल्यांदा जागलीला गेलं, की पहाटेच्या सुमारास त्याला एक कोडं पडतं. हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत, रोह्यांनी पीक तुडवू नये म्हणून घरातलं कुणी ना कुणी रात्री शेतात झोपतं. कॉलेजातला पुतण्या हौसेनं काकांसोबत जातो. अंगावर दोन गोधड्या, कानाला मफलर, पायात मोजे असा सगळा बंदोबस्त असतो. तरी तीन वाजता त्याला जाग येते ती पाठ गारठून. छाती उबदार आहे, पाठ मात्र काकडलेली. आणखी एक पांघरूण ओढलं तरी फरक पडत नाही. शेजारी साठीचे काका एका जुन्या घोंगडीत गुरफटून घोरत आहेत. त्यांच्या अंगावर पांघरूण कमी, वय जास्त, आणि थंडी नेमकी त्यांनाच लागत नाही!

‘त्यांना सवय आहे’ असं म्हणून पोरगं कूस बदलतं. पण टॉर्च मारून काकांच्या अंगाखाली पाहिलं असतं तर उत्तर तिथेच सापडलं असतं. काका वीतभर जाडीच्या कडब्यावर झोपलेत, आणि पुतण्या नुसत्या ताडपत्रीवर.

रात्रीच्या मुक्कामाची तयारी म्हटलं की शाळा-कॉलेजातली मुलं आधी सामानाची यादी मागतात. तंबू कोणता, टॉर्च कुठला, झोपायची पिशवी किती रुपयांची. यादीला माझा विरोध नाही, पण सामान विसरतं, भिजतं, फाटतं. कारण माहीत असेल तर कडब्यावरही भागतं, आणि माहीत नसेल तर महागड्या तंबूतही रात्र बसून काढावी लागते. म्हणून इथे सामान कमी आणि कारणं जास्त.

ऊब खालून जाते

आपलं शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. रात्री उघड्यावरची जमीन त्याहून कितीतरी गार. उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडे जाते आणि ती तीन वाटांनी जाते: थेट स्पर्शातून, वाहत्या हवेसोबत, आणि मधे काही नसतानाही किरणांच्या रूपात. शेकोटीपासून चार हात लांब बसूनही तोंड भाजतं, ती ही तिसरी वाट.

गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. ती तयार करतं आपलं शरीर. गोधडीच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते आणि अडकलेली, हलू न शकणारी हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते. म्हणजे आपण पांघरतो ती खरं तर हवाच. कापड फक्त तिला धरून ठेवतं. आता हीच गोधडी अंगाखाली घातली तर काय होतं? पन्नास-साठ किलोचा देह तिच्यावर पडतो, थर दबतात, हवा निघून जाते. उरतो कापडाचा पातळ पापुद्रा, आणि त्याच्याखाली थेट जमीन. जमिनीचा साठा इतका मोठा की रात्रभर आपली ऊब शोषूनही ती तापत नाही.

कडब्याचं वेगळेपण इथे आहे. ज्वारीच्या ताटाच्या आत भुसभुशीत, हवेनं भरलेला गाभा असतो आणि बाहेरचं साल कडक असतं. अंगाच्या वजनानं तो सहज चेपत नाही. गव्हाचं काड, वाळलेलं गवत, काहीच नसेल तर रिकाम्या पोत्यांत भरलेला पाला, सगळ्यांचं काम तेच. म्हणून मुलांना पहिली शिकवायची गोष्ट ही: अंगावर दुसरं पांघरूण घेण्याआधी ते अंगाखाली घ्या. सर्वांत खाली ताडपत्री, कारण जमिनीतून ओल वर येते, त्यावर कडबा, त्यावर सतरंजी.

ओल हा दुसरा शत्रू. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय ओलं कापड सुकताना बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता अंगातूनच घेतं. दिवसभर चालून घामानं भिजलेलं बनियन झोपण्याआधी बदला, असं शिबिरातले सर ओरडून सांगतात ते यासाठी. मुलं कंटाळा करतात आणि रात्री कुडकुडतात. लहान मुलांना याचा त्रास जास्त होतो, कारण वजनाच्या मानानं त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं. ऊब साठवायला देह लहान आणि ती निसटायला जागा जास्त.

आपला मुलूख कापसाचा. इथल्या कापसासाठी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला होता. तरी रात्रीच्या मुक्कामाला सुती चादरीपेक्षा धनगराची लोकरीची घोंगडी सरस, हे कबूल करावंच लागतं. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्यामुळे दंवानं ओलसर झाली तरी ती चपटी होत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि त्यातली हवा संपते.

जागा निवडताना वर पाहा, खाली पाहा

ढगाळ रात्र उबदार असते आणि चांदणं लख्ख असलं की गारठा वाढतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. कारण तीच तिसरी वाट. जमीन, गवत, आपली गोधडी, सगळं रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतं. वर ढग असेल तर तो त्यातली बरीचशी परत खाली पाठवतो. आकाश निरभ्र असेल तर गेलेलं फारसं परत येत नाही. गोधडीचा वरचा थर इतका गार होतो की हवेतली वाफ त्याच्यावर दंव होऊन बसते. झाडाचा विस्तार ढगासारखंच छप्पर पुरवतो; म्हणून लिंबाखाली झोपलेल्याची गोधडी सकाळी कोरडी असते आणि दहा पावलं दूर उघड्यावरची चिंब.

‘झाडाखाली रात्री झोपू नये, झाड विषारी वायू सोडतं’ असं मात्र अजून शिक्षकही सांगतात. झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतं हे खरं, पण उघड्या शिवारात त्यानं काही बिघडत नाही. शेजारी झोपलेला माणूसही तोच वायू सोडत असतो आणि नाकाच्या कितीतरी जवळून. झाड टाळायची कारणं वेगळी आहेत. वाळलेली फांदी डोक्यावर पडू शकते, वर मोहोळ असू शकतं, आणि वादळात एकटं झाड वीज ओढून घेतं. झोपण्याआधी वर टॉर्च मारून पाहिलं की पहिली दोन कारणं तपासून होतात.

आता खाली पाहायचं. गार हवा गरम हवेपेक्षा जड असते. रात्री जमिनीलगत गार झालेली हवा उताराने खाली सरकते आणि खोलगटात साचते. हरभऱ्याला पाटाचं पाणी सोडलं की ते वाट काढत आधी सखल वाफ्यात भरतं, अगदी तसं. नदीकाठचं वाळवंट झोपायला मऊ वाटतं, पण रात्री तिथे या गार हवेचं तळं झालेलं असतं. काठावरून थोडं वर, उताराच्या मध्यावर सरकलं तर फरक अंगाला कळतो.

नदीपात्र टाळायचं आणखी मोठं कारण आहे. पिंपळगावजवळून वाहणारी ज्ञानगंगा दक्षिणेकडच्या, बुलडाण्याच्या बाजूच्या अजिंठ्याच्या डोंगरांतून उतरते. घाटात पडलेला पाऊस मैदानात कोरड्या आकाशाखाली झोपलेल्याला दिसत नाही, पाणी मात्र येऊन पोचतं. पावसाळ्यात आणि अवकाळीच्या दिवसांत पात्रात मुक्काम नाही, हा नियम वाटाघाटीचा विषय नाही. विजेचंही तेच. चमकणं आणि गडगडाट यांच्यामध्ये तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मचाण, एकटं झाड, उघडं माळरान सोडून पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप शिबिरप्रमुखाच्या मोबाइलवर असायला हरकत नाही, पण कान आणि घड्याळ चार्ज करावं लागत नाही.

काळी माती, खुंट्या आणि गाठी

तंबूसोबत येणाऱ्या बोटभर लोखंडी खुंट्या आपल्या काळ्या मातीत फारशा उपयोगाच्या नाहीत. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात वरचा थर दगडासारखा, आणि खाली भेग लागली तर खुंटी सैल. पाऊस झाला की तीच माती लोण्यासारखी, जरा वारा आला की खुंटी उपटून हातात. त्यामुळे तंबू मुरमाड जागेवर लावावा. काळ्या रानातच लावायचा झाला तर बाभळीच्या हातभर लांब खुंट्या करून घ्याव्यात.

खुंटी ठोकताना बहुतेक मुलं ती सरळ उभी ठोकतात, आणि काही जण चक्क तंबूच्या दिशेनं कललेली. दोरी तंबूकडे आणि वर ओढत असते. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली असेल तर दोरी आणि खुंटी यांच्यात काटकोन होतो आणि ओढ मातीच्या अंगावर आडवी येते. खुंटी तंबूकडे कलली तर दोरीची ओढ आणि खुंटीची लांबी एकाच रेषेत येतात. मग वारा ती बाटलीच्या बुचासारखी वर काढतो. जमीन फारच भुसभुशीत असेल तर एक जाड काठी हातभर खोल आडवी पुरायची आणि दोरी तिच्या मध्याला बांधायची. वरची सगळी माती तिचं वजन होते.

गाठींचा बाऊ फार केला जातो. स्काऊटच्या परीक्षेसाठी मुलं डझनभर गाठी पाठ करतात आणि तंबू बांधताना शेवटी निरगाठ मारतात, जी सकाळी कोयत्यानं कापावी लागते. गाठ टिकते ती घर्षणामुळे. दोरीवर ताण आला की एक वेढा दुसऱ्यावर दाबला जातो आणि दोरीच दोरीला धरून ठेवते. हे एकदा हाताला कळलं की चार गाठी पुरतात: खुंटीला वेढा देणारी क्लोव्ह हिच, सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडणारी रीफ नॉट, न सरकणारा फास देणारी बोलाइन, आणि एका झटक्यात सुटणारी सुरगाठ. शेवटची तर बैलाचं दावं बांधणारं प्रत्येक घर जाणतं. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे त्याला एक वेढा जास्त लागतो. अंबाडीचा किंवा सुती दोर दंवानं भिजला की आखडतो, म्हणून झोपताना थोडा सैल सोडायचा. नायलॉन उलट ओला झाला की ताणून ढिला पडतो, त्याला रात्री पुन्हा ओढून घ्यायचं.

सकाळी तंबूच्या आत पाण्याचे थेंब दिसले की मुलं दुकानदाराला शिव्या देतात. बहुतेक वेळा तंबू गळत नसतो. श्वासातून आणि घामातून प्रत्येक माणूस रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. तंबू गच्च बंद केला तर ती वाफ गार कापडाला लागून परत पाणी होते. दोन बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवणं हाच त्यावर इलाज, थंडी असली तरी.

आग लावणं सोपं, विझवणं अवघड

आगीला जळण, हवा आणि पुरेशी उष्णता, तिन्ही एकदम लागतात. मनगटाएवढ्या ओंडक्याला काडी लावली तर काडीची उष्णता लाकडात मुरून जाते आणि पृष्ठभाग पेटण्याइतका तापतच नाही. बारीक काडीचं वस्तुमान कमी, अंग उघडं. ती लगेच तापते. म्हणून आधी वाळलेलं गवत, मग तुराट्या, मग पऱ्हाट्या, आणि त्या धडधडू लागल्या की बाभळीचं लाकूड. पऱ्हाट्या झटकन पेटतात आणि झटकन संपतात. बाभळीचा निखारा मात्र बराच वेळ टिकतो. कण्हेरीची काडी चुलीत घालायची नाही आणि ढवळायलाही वापरायची नाही, ती विषारी असते.

वऱ्हाडातले रोडगे ही शिबिरासाठी जमलेली गोष्ट आहे, आणि पावाची पाकिटं घेऊन जाणाऱ्यांना मी ती आवर्जून सांगतो. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, सोबत वांग्याची भाजी. ना तवा, ना पोळपाट. पण यात घाई करणारा फसतो. ज्वाळेवर रोडगा ठेवला तर बाहेरून कोळसा होतो आणि आतून कच्चा राहतो, कारण कणकेतून उष्णता आत जायला वेळ लागतो आणि ज्वाळा तो वेळ देत नाही. निखारा मंद, एकसारखी आच देतो. मुलांना रोडगे भाजायला लावले की ज्वाळा आणि निखारा यांतला फरक पोटातून कळतो.

आता विझवण्याबद्दल. ‘वर माती टाका, झालं’ असं सर्रास सांगितलं जातं आणि ते धोक्याचं आहे. आपल्या आज्या रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून तोच विस्तव पेटवत. राख-मातीचा थर हवा कमी करतो पण उष्णताही धरून ठेवतो. आतला निखारा मरत नाही, झोपतो. दुपारी वारा सुटला की तो उघडा पडतो. म्हणून पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं, आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग नाही याची खात्री करायची. राखीव जंगलात तर आग पेटवणं हाच १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.

आणि एक गोष्ट जी मरणाशी जोडलेली आहे: पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत घ्यायचं नाही. अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा शेकडो पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही.

उकळून काय जातं, काय राहतं

पाणी उकळून प्या, एवढं सगळ्यांना पाठ आहे. एक मिनिट खळखळ उकळलं की रोगजंतू मरतात. पण उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, भूजल मुळातच खारं आहे. ते उकळलं तर पाणी वाफ होऊन जातं, मीठ भांड्यातच राहतं. उरलेलं पाणी आधीपेक्षा खारं. शेतातल्या विहिरीत खतांचे किंवा फवारणीच्या औषधांचे अंश उतरले असतील तर तेही उकळून जात नाहीत. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, जंतू सगळे मरत नाहीत. प्रत्येक उपायाचा शत्रू वेगळा आहे, हे मुलांनी समजून घ्यावं. एका रात्रीच्या मुक्कामासाठी सोपा मार्ग म्हणजे पिण्याचं पाणी गावातून नेणं. स्वयंपाक धरून माणशी चार-पाच लिटर.

शौचाची जागा पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, आणि खड्डा वीतभर खोल. त्याहून खोल खणण्यात शहाणपण नाही, कारण मैला कुजवणारे जिवाणू वरच्या थरातच भरपूर असतात.

इथेच एक कडू गोष्ट सांगून टाकतो. रात्रीच्या शिबिरातून मुली वगळल्या जातात आणि कारण म्हणून सुरक्षिततेचं नाव पुढे केलं जातं. पुष्कळदा खरी अडचण आडोशाची असते. चार बांबू, एक ताडपत्री, आत कंदील, पाळीच्या कापडासाठी झाकणाचा डबा आणि सोबत एक शिक्षिका, एवढ्यानं ती सुटते. हे ज्यांना जमत नाही त्यांनी मुलांचंही शिबिर घेऊ नये.

मण्यार अंथरुणात का येतो

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार. मुक्कामाच्या दृष्टीनं सर्वांत काळजीचा मण्यार. तो रात्रीच हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचे दात बारीक, दंश जवळजवळ न दुखणारा, सूजही नाही. झोपेत चावला तर कित्येकांना डास चावल्यासारखंही वाटत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास बंद पडू लागतो, कारण विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं.

म्हणून मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचलेल्या. डासांसाठी ती सैल सोडली तरी थोडंफार भागेल, सापासाठी नाही. धान्य आणि खरकटं झोपायच्या जागेजवळ नको, कारण उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सकाळी बूट उलटे करून झटकायचे. विंचवाला अंधारी, अरुंद, कोरडी फट लागते आणि बुटाइतकी चांगली फट दुसरी नाही. लाल विंचवाच्या दंशानं महाराष्ट्रात पूर्वी कित्येक मुलं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर कसं काम करतं ते दाखवून दिलं आणि मृत्यू घटले. पण औषध दवाखान्यात आहे, मांत्रिकाकडे नाही.

चौकट : साप चावला तर
• चावलेल्याला आडवा करा, धीर द्या, चालू देऊ नका. हालचालीनं विष लवकर पसरतं.
• अंगठ्या, कडी, घड्याळ काढून घ्या. चावलेला अवयव फळीच्या आधारानं स्थिर करा.
• कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. साप मारण्यात वेळ घालवू नका.
• १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष हेच औषध.
• ‘काही झालं नाही’ असं वाटलं तरी जा. मण्यारच्या बाबतीत सुरुवातीला तसंच वाटतं.

अंधार वाचायला शिकणं

डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार भर उजेडात रंग दाखवतो, दुसरा अंधुक उजेडात आकार. दुसऱ्या प्रकाराला पूर्ण जागं व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका नजरेत ती मेहनत वाया जाते. लाल उजेड या पेशींना फारसा दुखवत नाही, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावतात. चालताना टॉर्च कपाळाशी न धरता कमरेच्या खाली धरायचा. डोळ्याशेजारून पडलेल्या प्रकाशात सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. खालून तिरका पडलेला प्रकाश प्रत्येक खळगा, प्रत्येक ढेकूळ सावलीसकट दाखवतो.

दिशेसाठी ध्रुव. एखाद्या ठिकाणी ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच त्या जागेचा अक्षांश असतो. पिंपळगाव राजा साधारण पावणेएकवीस अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे उत्तर क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, आणि तिच्या जरा वर ध्रुव. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, तेव्हा इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा शोधायची. पूर्वेकडून चढणाऱ्या मृगातलं तिकांडं पाहून रात्र किती सरली ते सांगणारे मेंढपाळ अजून भेटतात.

रात्रीचं शिवार रिकामं नसतं, हेही लक्षात असू द्यावं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबर २०१९मध्ये ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे कळलं. वाटेत किती शेतं लागली असतील, आणि किती जागलीवाले त्याच्या जवळ झोपलेले असतील! वाघाची फार भीती बाळगण्याचं कारण नाही. अस्वलाची जास्त बाळगावी, कारण ते अचानक समोर आलं की हल्ला करतं. रात्री एकट्यानं लघवीलाही जायचं नाही, जाताना बोलत जायचं. आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही.

कोणत्या क्रमानं शिकायचं

इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर ऑगस्ट १९०७मध्ये बेडन-पॉवेलनं वीस मुलांचं शिबिर घेतलं, त्यातून स्काऊट चळवळ उभी राहिली. त्यात नवं होतं ते टोळीचं तंत्र. पाच-पाच मुलांच्या चार टोळ्या, प्रत्येकीचा नायक मुलांपैकीच एक. पाच जणांत कुणाला लपता येत नाही. पाणी आणायचं राहिलं तर कुणामुळे, ते सगळ्यांना कळतं. भारत स्काऊट्स अँड गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि तिचा अभ्यासक्रम प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान असा पायरीपायरीनं चढतो. पायऱ्या उत्तम आहेत. दोष अंमलबजावणीत आहे. अनेक शाळांत सोपान कागदावर चढले जातात आणि मुलगा प्रमाणपत्र मिळवून मोकळा होतो, एकही रात्र उघड्यावर न काढता.

पहिली रात्र घराच्या गच्चीवर किंवा अंगणात काढावी. चुकलं तर दार दहा पावलांवर आहे. दुसरी शाळेच्या मैदानावर, टोळीसोबत, स्वयंपाक स्वतः करून. तिसरी गावाजवळच्या शेतात, मालकाला विचारून. तंबू आधी दिवसा लावायचा, मग दिवसाच डोळे मिटून, आणि मग रात्री. गाठीचंही तसंच. दमलेल्या, भुकेल्या, गारठलेल्या माणसाचं डोकं नीट चालत नाही, तेव्हा हातांनाच काम येत असावं लागतं. प्रत्येक मुक्कामाआधी जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, रात्री वाहन कुणाचं मिळेल आणि गावात कुणाला कळवून ठेवलंय, ही तीन उत्तरं कागदावर लिहून टोळीनायकाच्या खिशात असावीत.

मुख्याध्यापकांना आणि पथकाच्या शिक्षकांना एक विनंती आहे. या हिवाळ्यात शिबिर घ्याल तेव्हा शहरातून प्रशिक्षक बोलवाच, पण एक संध्याकाळ गावातल्या जागल करणाऱ्या शेतकऱ्यासाठी आणि रानात मेंढरं बसवणाऱ्या धनगरासाठी राखून ठेवा. त्यांना मुलांसमोर कडबा अंथरायला, विस्तव करायला, दावं बांधायला सांगा. आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला देता तेवढंच मानधन त्यांनाही द्या.